सार्वजनिक दिवा मालवावा कोणी?

चाणक्याच्या दोन दिव्यांची दंतकथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राज्याचे काम चालू असता राज्याच्या तेलाचा दिवा जळावयाचा; ते काम संपून खासगी बोलणे सुरू झाले, की तो मालवून स्वतःच्या तेलाचा दिवा लावावयाचा. ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, सार्वजनिक सचोटीविषयीची आपली कल्पना तिच्यात नेमकी उमटली आहे यात संशय नाही. परंतु एक प्रश्न या कथेने विचारलेलाच नाही. राज्याचा दिवा राज्याच्याच कामासाठी जळत असता तो किती तेल पीत होता? त्याची वात जरुरीपेक्षा जाड होती काय? अमात्य उठून गेल्यावर तो कोणी मालवीत असे, की पहाटेपर्यंत रिकाम्या दालनात तो तसाच जळत राही?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आपल्या सार्वजनिक नीतिशास्त्राची सारी उभारणी चोरीच्या विरुद्ध झालेली आहे. नासाडीविषयी ते बहुधा मौन पाळते. लोकांच्या पैशांतून एखाद्या अधिकाऱ्याने घरी पंखा नेला तर तो गुन्हेगार ठरतो. त्याच अधिकाऱ्याने कार्यालयात दुप्पट वीज खाणारे दोनशे पंखे बसविले आणि ते दहा वर्षे फिरत राहिले, तर त्याला कोणी दोष देत नाही. कारण त्याने स्वतःसाठी काहीच नेलेले नाही. चोरीला चोर असतो, म्हणून ती दिसते. नासाडीला कर्ता नसतो, म्हणून ती दिसत नाही. पण ज्याचे द्रव्य गेले त्याच्या दृष्टीने या दोहोंत अंतर कोणते? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा मनुष्य स्वतः मिठाई खात नाही एवढ्यावरून हलवायाचे नुकसान टळते असे नाही.

आता ‘विजेची नासाडी झाली तर बिगडते काय, फार तर बिल वाढेल,’ असे कोणी म्हणेल. त्याने थोडे मागे वळून पाहावे. १९२१ साली पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. टाटांच्या वीजयोजनेच्या धरणाखाली त्या शेतकऱ्यांची पिढीजात भातखाचरे जात होती. वीज जावयाची होती मुंबईस. सत्याग्रह अयशस्वी झाला, धरण उभे राहिले, आणि १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले. ती वीज मुंबईत जळली. तिची किंमत मुळशीत मोजली गेली. आज महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशापासून येतो. अशा एका युनिटामागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो आणि त्याची राख व धूर चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या माणसांच्या वाट्यास येतात. विजेचा हा विलक्षण गुण आहे की, ती जेथे वापरली जाते तेथे धूर दिसत नाही. रिकाम्या दालनातील दिवा हा म्हणून केवळ खर्चाचा विषय राहत नाही. कोणाच्या तरी त्यागाचा तो अनादर ठरतो.

मग ही नासाडी होते कशी? माणसे दुष्ट असतात म्हणून नव्हे, व्यवस्था दुभंगलेली असते म्हणून. याचा पडताळा पाहण्यास पिंपरी-चिंचवडच्या उत्तर कडेचे तळवडे उत्तम. देहूच्या शेजारचे, इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज तेथे एकीकडे संगणकाच्या कंपन्यांचे उद्यान आहे, तर दुसरीकडे चाकणच्या आणि भोसरीच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान वर्कशॉपांच्या रांगा. अशा वर्कशॉपमधील लेथची मोटार जळाली, की मालकापुढे प्रश्न पडतो : ती रिवाइंड करून घ्यावी, की कमी वीज खाणारी नवी आणावी? पहिल्या मार्गाला आज पैसे थोडे लागतात. दुसऱ्याला अधिक, पण दर महिन्याचे बिल उतरते. मालक कागदावर आकडे मांडतो आणि निर्णय घेतो. तो चुकेलही; परंतु हिशेब केल्यावाचून तो राहत नाही. कारण खरेदी करणारा, यंत्र चालविणारा आणि बिल भरणारा हे तिघेही त्याच्या एकट्याच्या ठायी एकवटलेले असतात.

सार्वजनिक इमारतीत हेच तिघे तीन दिशांना असतात. इमारत बांधणारे खाते एक. त्याला बांधकामाचा खर्च मंजूर रकमेत बसवावयाचा असतो. तीत बसून काम करणारे दुसरे. बिल किती आले हे त्यांना कळतही नाही. बिल भरणारा तिसरा. तो आलेली रक्कम तरतुदीतून देऊन मोकळा होतो. यांपैकी प्रत्येक जण आपापले काम चोख करीत असतो, आणि तरीही तिघांच्या चोख कामांची बेरीज नासाडी होते. नीतिशास्त्राच्या अभ्यासकाला चक्रावून टाकणारी ही स्थिती आहे : पाप घडले आहे, पण पापी सापडत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या धर्तीचा सुमारे ३०. कार्यालय वर्षाला २५० दिवस, रोज ८ तास चालते असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला ९० युनिटे वाचतात. युनिटाचा दर ८ रुपये धरला तर हे ७२० रुपये झाले. नवा पंखा दीड हजार रुपयांनी महाग आहे असे मानले तरी अधिक दिलेली रक्कम दोन वर्षांच्या आसपास परत येते, आणि पुढची आठ-दहा वर्षे निव्वळ बचतीची. दोनशे पंख्यांच्या इमारतीत वर्षाकाठी १८,००० युनिटे, म्हणजे ती वीज कोळशाची असेल तर अकरा-बारा टन कोळसा वाचतो. हे गणित प्राथमिक शाळेतील मुलासही साधेल. मग ज्येष्ठ अधिकाऱ्यांस ते का साधत नाही?

येथे पूर्वपक्ष पुढे येतो आणि तो दुबळा नाही. तो म्हणतो : ‘सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी हा नियम मूर्खांनी केलेला नाही. अधिकाऱ्याला “मला हे महाग पण चांगले वाटते” असे म्हणण्याची मुभा दिली, की त्या “वाटण्या”च्या आड वशिला आणि लाच शिरते. थोडी वीज वाया गेली तरी चालेल, पण खरेदी निष्कलंक असली पाहिजे.’ या म्हणण्यात अनुभवाचा अर्क आहे. ज्या अविश्वासातून हा नियम जन्मला तो अविश्वास अकारण नव्हता. म्हणून खरा पेच सद्गुण आणि दुर्गुण यांच्यातील नाही. तो दोन सद्गुणांमधील आहे. एकीकडे निर्लोभता, दुसरीकडे दक्षता. हात स्वच्छ ठेवण्याची काळजी एवढी वाढली आहे की, हातातील काम बिघडले तरी चालते!

परंतु हा विरोध अटळ आहे काय? अनुभव तसे सांगत नाही. केंद्र सरकारच्या एका उपक्रमाने २०१४ पासून एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी आरंभिली. आरंभी एका दिव्याला सुमारे ३१० रुपये पडले. २०१६ साली तोच दर ३८ रुपयांवर आला. जगभर या दिव्यांची किंमत उतरत होती हे खरे. पण लक्षावधी दिव्यांची मागणी एकत्र करून वारंवार उघड निविदा मागविल्याचा परिणाम त्याहून लहान नव्हता. लक्षात घ्यावयाचे ते हे की, येथेही कमी दराचीच निविदा स्वीकारली जात होती. फरक एवढाच की, दिवा किती प्रकाश देईल, किती वीज घेईल आणि तीन वर्षांत बिघडला तर तो कोण बदलून देईल, हे आधी ठरविले होते. तात्पर्य, दोष निविदेचा नव्हे. तिला विचारलेल्या प्रश्नाचा आहे. ‘पंख्याची किंमत काय?’ असे विचारले तर एक उत्तर येते. ‘दहा वर्षे वारा देण्याची किंमत काय?’ असे विचारले तर दुसरे. दोन्ही उत्तरे सारखीच प्रामाणिक असू शकतात. दुसरे मात्र शहाणेही असते.

केंद्रीय अर्थखात्यास ही गोष्ट उमगली नव्हती असे नाही. २०१३ साली त्याने सरकारी खरेदीतील उपकरणांना तारांकनाची किमान मर्यादा घातली : पंख्यांना पाच तारे; वर्षातून हजार तासांहून अधिक चालणाऱ्या वातानुकूलन यंत्रांना पाच, आणि सभागृहासारख्या क्वचित वापराच्या जागी तीन. या शेवटच्या भेदात विवेक आहे. जेथे वापर थोडा तेथे महाग यंत्र घेणे हीसुद्धा उधळपट्टीच. परदेशातही हा मार्ग नवा नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनी २००१ साली आज्ञा काढली की, बंद स्थितीत एक वॅटहून अधिक वीज न घेणारी उपकरणेच सरकारी खात्यांनी शक्य तेथे घ्यावीत. एवढे मोठे गिऱ्हाईक अडून बसले, की कारखानदार आपले नमुने बदलतो आणि त्याचा लाभ सामान्य घरांसही मिळतो.

दुसरा आक्षेप असा की, चाकण-पिंपरीच्या कारखान्यांपुढे सरकारी कचेऱ्यांची वीज ती केवढी? हा तर समुद्रातला थेंब. मोरीला बोळा घालून दरवाजा मोकळा ठेवण्यात अर्थ कोणता? याचे उत्तर कायद्याच्या स्वरूपातच आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये विजेच्या व इंधनाच्या मोठ्या नियुक्त वापरकर्त्यांना ऊर्जा-व्यवस्थापक नेमावा लागतो, वापराचा हिशेब द्यावा लागतो. २०१२ पासून अनेक उद्योगांना बचतीची ठरावीक उद्दिष्टेही लागू झाली. महाराष्ट्रात या कायद्याचे काम पाहणारे ‘महाऊर्जा’ हे अभिकरण तर पुण्यातच आहे. जो दुसऱ्याकडे हिशेब मागतो त्याची स्वतःची वही उघडी असली पाहिजे. नाहीतर कायद्याचे रूपांतर केवळ बळजबरीत होते. शिवाय थेंबही लहान नाही. शाळा, रुग्णालये, न्यायालये, रस्त्यांवरचे दिवे यांची बेरीज करावी. रावेतला पवनेचे पाणी उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत चढविणारे पंप आठवावेत. नळ गळतो तेव्हा पाण्याबरोबर वीजही गळत असते, हे नागरिकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक मानवी आहे. बचतीच्या नावाखाली शाळेच्या वर्गात अंधार आणि रुग्णालयाच्या दालनात उकाडा वाढू लागला तर ती बचत कोणाच्या जिवावर? हा इशारा शिरोधार्य आहे. काटकसर आणि कंजूषपणा या एकाच घरच्या बहिणी नव्हेत. दिवा कमी वेळ लावणे ही काटकसर नव्हे. तेवढाच उजेड कमी विजेत मिळविणे आणि उजेडाची गरज नाही तेथे तो न ठेवणे, ही काटकसर. बाळंतिणीच्या खाटेवरचा पंखा बंद करून साहेबांच्या रिकाम्या दालनातील यंत्र चालू ठेवणारी बचत ही बचत नसून अन्याय आहे. म्हणून आरंभ वरून व्हावा. राष्ट्रपती भवन आणि पंतप्रधानांचे कार्यालय यांचेही ऊर्जा-लेखापरीक्षण झालेले आहे. तेथे जे कमीपणाचे मानले गेले नाही ते तालुक्याच्या कचेरीत कमीपणाचे का मानावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिवा मालवावा कोणी? ‘सरकारने’ हे उत्तर देणे म्हणजे ‘कोणीही नाही’ असे म्हणणे होय. सरकार या शब्दाला हात नसतात. कर्तव्य जोवर एका नावाशी बांधले जात नाही, तोवर ते सर्वांचे असून कोणाचेच नसते. म्हणून प्रत्येक सार्वजनिक इमारतीपुरता एक मनुष्य नेमलेला असावा. खरेदीचा आणि बिलाचा हिशेब त्याच्यासमोर एकाच कागदावर यावा. वाचलेल्या रकमेचा काही भाग त्याच इमारतीच्या सोयींसाठी राहू द्यावा, नाहीतर बचत करणाऱ्याची पुढल्या वर्षीची तरतूद तेवढी कापली जाते आणि शहाणपणाला दंड बसतो. वर्षाचा वापर प्रवेशद्वारापाशी फलकावर लिहावा. लेखापरीक्षकाने ‘महाग का घेतले?’ याबरोबर ‘स्वस्त का घेतले?’ हेही विचारावे. आणि हिशेब उघड मांडून सद्‌बुद्धीने घेतलेला एखादा निर्णय चुकला, तर त्या चुकीला लाचखोरीच्या पंक्तीस बसवू नये. ज्या राज्यात प्रामाणिक चुकीला आणि चोरीला एकच शिक्षा असते, तेथे कोणी निर्णयच घेत नाही. सगळे नियम पाळतात आणि दिवे जळत राहतात.

यात नागरिकाचाही वाटा आहे. गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना धनिकांपुढे मांडली. ती अधिकाऱ्यांस तर मुळातच लागू आहे. परंतु विश्वस्तावर दृष्टी ठेवणे हे मालकाचे काम. घरातला दिवा विनाकारण जळताना दिसला की मुलाला हाक मारणारा गृहस्थ कचेरीच्या ओसाड ओसरीतील दिव्याखालून मुकाट्याने निघून जातो. जणू त्या दिव्याचे तेल परक्याच्या घाण्याचे आहे. ते त्याचेच आहे, आणि त्याच्याइतकेच, जेथून ते आले तेथल्या माणसांचेही.