कलेचें ऋण

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गांवीं बसूनहि आज ब्राझील देशाचें गाणें ऐकतां येतें. ‘बोसा नोव्हा’ ह्या नांवाची तेथील एक गायनपद्धति आहे. गिटारीचा संथ ठेका आणि शेजारीं बसून बोलावें तसा हळुवार कंठ, हें तिचें लक्षण. १९५८ सालीं जुआंव जिल्बेर्तो ह्यांच्या ध्वनिमुद्रिकेनें ती प्रसिद्धीस आली व पुढें जगभर पसरली.

ऐकतांना मन निवतें. परंतु तिचा इतिहास पाहूं लागलों म्हणजे तें अस्वस्थ होतें. हा ठेका मूळचा सांबा नृत्याचा. तो रिओ शहरांत वाढविला गुलामगिरींतून १८८८ सालीं सुटलेल्या काळ्या लोकांनीं व त्यांच्या वंशजांनीं. समुद्रकांठच्या सुशिक्षित तरुणांनीं त्यांतील ढोलांचा गजर कमी करून तो दिवाणखान्यांत आणिला. गाणें आंत आलें. ज्यांचें तें, तीं माणसें टेकड्यांवरील गरीब वस्तींतच राहिलीं.

हा दोष परक्यांचा म्हणून आम्हांस सुटतां येत नाहीं. होनाजी हा लावण्या रचणारा शाहीर. त्याची भूपाळी आमच्या घरीं पहांटे म्हटली जाते. १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’ ह्या बोलपटानें तर ती सर्वतोमुखी केली. पण गांवच्या जत्रेंत तमाशाचा फड उतरला, कीं आम्ही मुलांना तिकडे फिरकूं देत नाहीं.

मग कलेची देवघेवच पाप मानावी काय? तसें मानलें तर जात्यावरील ओवीहि ग्रंथांत यावयास नको होती. घेणें हा अपराध नव्हे. घेतलेला सूर सोवळा आणि देणारा मात्र ओवळा, हा अपराध होय. त्यास आम्ही ‘संस्कार’ असें गोंडस नांव देतों, इतकेंच.

बोसा नोव्हाच्या मंडळींतील नारा लियांव ह्या गायिकेनें १९६४ सालीं ‘ओपिनियांव’ ह्या प्रयोगांत झे केती ह्या सांबाकारास आपल्या बरोबरीनें रंगमंचावर घेतलें. एवढ्यानें ऋण फिटलें असें नव्हे. पण तें कबूल झालें.

आमचा गवई गुरूचें नांव घेतांना कानाच्या पाळीस हात लावितो. लावणी ऐकून डोलणाऱ्या आम्ही सुशिक्षितांनीं निदान फडांतील बाईचें मूल आपल्या मुलाशेजारीं शाळेंत बसलें असतां कुरकुरूं नये. ऋण फेडण्याचा आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे.