शत्रूची माता आणि युद्धाचें गुपित

अमेरिकेंतील शिकागो शहरीं विज्ञान व उद्योग यांचें एक मोठें संग्रहालय आहे. तेथें सुमारें २५२ फूट लांबीची एक जर्मन पाणबुडी ठेविली आहे. तिचें नांव यू-५०५. १९४१ सालीं ती जर्मन आरमारांत दाखल झाली आणि दुसऱ्या महायुद्धांत तिनें आठ जहाजें बुडविलीं. पाहणारे तिचीं यंत्रें पाहून थक्क होतात; परंतु तिच्या इतिहासांत एक अवघड प्रश्न दडलेला आहे, तो आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

१९४४ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस आफ्रिकेच्या पश्चिमेस समुद्रांत कॅप्टन डॅनिएल गॅलरी यांच्या जहाजांनीं तिला गांठलें. मारा सोसून ती पाण्यावर येतांच खलाशांनीं समुद्रांत उड्या टाकिल्या. एक जण मरण पावला; ५८ जणांस अमेरिकनांनीं पाण्यांतून काढून कैद केलें. लेफ्टनंट आल्बर्ट डेव्हिड व त्यांचे सोबती त्या बुडत्या पाणबुडींत उतरले, आंत शिरणारें पाणी थोपविलें, आणि गुप्त लिपीचीं पुस्तकें व यंत्रें हस्तगत केलीं.

ही बातमी जर्मनीस कळली असती तर लिपी बदलली असती आणि सारा लाभ व्यर्थ गेला असता. दोनच दिवसांनीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मोठी स्वारी व्हावयाची होती. म्हणून सुमारें ३००० अमेरिकन खलाशांस मौनाची शपथ घालण्यांत आली, आणि कैद्यांस लुइझियाना प्रांतांतील रस्टन येथील छावणींत इतरांपासून वेगळें ठेविलें. रेड क्रॉसच्या लोकांसही त्यांची भेट मिळाली नाहीं. अखेर जर्मन आरमारानें ते मेले असें ठरवून घरच्यांस तसें कळविलें. पुत्र जिवंत असतां मातांनीं शोक केला.

१९२९ च्या जिनीव्हा करारानें, कैदी छावणींत आल्यावर एका आठवड्याच्या आंत त्यास घरीं पत्र पाठवितां यावें, असें ठरलें होतें. मग हें मौन न्याय्य होतें काय?

कोणी म्हणेल, एका पत्रानें हजारों जीव धोक्यांत आले असते. हें म्हणणें आम्ही हलकें मानीत नाहीं. परंतु मातेनें युद्ध पुकारलें नव्हतें. आणि करार तर अडचणीच्या दिवसासाठींच करावयाचा असतो, सोयीच्या दिवशीं त्याची गरज कोणास? आमचें मत असें कीं, निकड एखादें कृत्य क्षम्य करूं शकेल, पण तें चांगलें करूं शकत नाहीं. ज्यानें निकडीनें दुसऱ्याचा हक्क अडविला तो त्याचा ऋणी होतो, आणि निकड सरतांच तें ऋण फेडणें त्याचें कर्तव्य होय. १९४५ च्या मे महिन्यांत जर्मनीनें शरणागति पत्करली. त्याच वर्षीं ही पाणबुडी, युद्धकर्जासाठीं पैसा जमवावा म्हणून, बंदरोबंदरीं लोकांस दाखविण्यांत आली. म्हणजे गुपित उरलें नव्हतें. तरी तिचे खलाशी स्वदेशीं परतले ते १९४७ सालीं.

पुढें आरमार ती पाणबुडी सरावाच्या माऱ्यांत बुडविणार होतें. पण १९५४ सालीं ती संग्रहालयास मिळाली व समुद्रावर मेलेल्या खलाशांचें स्मारक झाली. तिच्या दुरुस्तीस लागणारे भाग जर्मन कारखान्यांनीं मोबदला न घेतां पाठविले. शत्रुत्व कायमचें नसतें. परंतु शत्रुत्वांत आपण कसे वागलों याचा हिशेब मात्र मागें राहतो. यास्तव वाचकहो, ज्याच्याशीं आपला तंटा आहे त्याच्याही घरचा निरोप अडवूं नये. आणि अडविणें भागच पडलें, तर दार पहिल्या संधीस आपल्याच हातानें उघडावें.