मिलिटरीत ‘लागणं’

आमच्या सातारा भागात कोणी सैन्य ‘निवडत’ नाही. पोरगं मिलिटरीत ‘लागतं’. कुणी एसटीत लागतं, कुणी साखर कारखान्यात, तसंच. पुण्यातल्या ऑफिसात हे सांगितलं की मित्र जरा खट्टू होतात. त्यांना सैनिक देशासाठी गेलेला हवा असतो.

मला या खट्टू होण्याचा राग येतो. मी कोड लिहितो तो पगारासाठी, आणि माझा हेतू किती शुद्ध आहे हे आजवर कुणी तपासलेलं नाही. ज्याच्या घरी दोन एकर जिरायत आहे, त्याच्याकडून मात्र निखळ त्याग हवा! आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. नावातच मिलिटरी. तिथल्या घरांतून पिढ्यानपिढ्या लोक फौजेत जात आले. अभिमान आणि मनीऑर्डर एकाच उंबऱ्यातून आत येत होती, आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही.

सार्त्रने १९४५च्या एका व्याख्यानात आपल्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. त्याचा मोठा भाऊ १९४०मध्ये जर्मन हल्ल्यात मारला गेलेला. आई त्याच्याच आधारावर जगणारी. इंग्लंडला जाऊन फ्री फ्रेंच फौजेत सामील व्हायचं की आईजवळ राहायचं? सार्त्रचं उत्तर थोडक्यात असं, की तू मोकळा आहेस, तूच ठरव.

आपल्याकडे हा पेच या रूपात येतच नाही. तिथे आई एकीकडे, फौज दुसरीकडे. इथे आईसाठीच फौज. या दोन टोकांना बांधणारी गाठ म्हणजे पेन्शन. पंधरा वर्षं काढली की जवानाला जन्मभराची पेन्शन, आणि घर उभं राहायचं.

१४ जून २०२२ला अग्निपथ जाहीर झालं आणि ही गाठ सैल झाली. आता सेवा चार वर्षं. पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही.

माझा मामेभाऊ २० वर्षांचा आहे. रोज पहाटे रनिंग करतो. मामाची कंबर गेल्यापासून रान बटईने दिलंय, धाकटी बारावीला आहे. त्याने विचारलं, “दादा, जाऊ का?” इंजिनियर माणूस दुसरं काय करणार, मी एक्सेल उघडलं. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार सेवा निधीत, हातात २१. चौथ्या वर्षी ४० हजार, हातात २८. शेवटी सरकारचा तेवढाच वाटा आणि व्याज धरून सुमारे ११.७१ लाख. मग विमा टाकला, ४८ लाख. शीटमधला सगळ्यात मोठा आकडा तो परत न येण्याच्या ओळीत होता. ती ओळ मी त्याला दाखवली नाही. त्याला ती आधीच पाठ होती.

माझ्या मते स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क ज्याचा त्याला आहे. पण त्याच्या कमाईवर जगणाऱ्यांचं भविष्य एकट्याने पणाला लावायचा हक्क कुणालाच नाही. म्हणजे मामा, मामी आणि धाकटी यांना विचारायलाच हवं. आणि तो मोकळेपणाने ठरवू शकावा असं मला वाटत असेल, तर मागचा भार कुणीतरी उचलायला हवा. सार्त्रच्या गोष्टीत असा दुसरा कुणी नाही. आमच्या गोष्टीत आहे, आणि त्याचा पगार एक तारखेला होतो. हद्दीवरच्या माणसाचा सत्कार होतो. मागे राहून फी भरणाऱ्याचा होत नाही, आणि व्हायलाही नको.

म्हणून मी म्हटलं, “घराचं मी बघतो. तू फक्त तुला काय हवंय ते सांग.”

त्याला ते आवडलं नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “घराचं तूच बघणार, तर मग मी कशाला जाऊ?”

मी पोटासाठी आणि देशासाठी असे दोन वेगळे कॉलम करून बसलो होतो. त्याच्या डोक्यात तो एकच होता. घर चालवणारा माणूस म्हणून त्याला वर्दी हवी होती. माझ्या मदतीने त्याचं निम्मं कारणच काढून घेतलं जात होतं.

शेवटी मामीसमोर बोलणं झालं. धाकटीची फी मी अर्धी भरायची. अर्धी तो पाठवेल, २१ हजारांतून. सिलेक्शन झालं तर.