पिशवीचा निर्णय कोणाचा?

सूर्यमाळहून मोखाड्याकडे उतरताना एका गृहस्थांनी गाडीत हळूच विचारले, "मौलाना, हिच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. पिशवी काढायला सांगितलंय. जायज आहे का?" त्यांच्या पत्नी मागेच बसल्या होत्या. त्यांना काय वाटते, हे आम्हा दोघांपैकी एकानेही विचारले नाही. ते मला आजही बोचते.

वाचकहो, शरीर अल्लाहची अमानत आहे. जीव वा आरोग्य राखण्यासाठी अवयव काढणे एक, आणि गरज नसता काढणे दुसरे. या गाठी सहसा कर्करोगाच्या नसतात. त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. पाळी कायमची थांबल्यावर त्या बहुधा आक्रसतात. अंगावरून फार जात असेल तर औषधे आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरक सोडणारे साधन आहे, गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय आहे, आणि केवळ गाठ काढून गर्भाशय राखणारी शस्त्रक्रियाही आहे. प्रत्येक उपाय प्रत्येकीला लागू पडत नाही. कधी गर्भाशय काढणेच योग्य ठरते, आणि तेव्हा ते निःसंशय जायज आहे. पण सारे पर्याय ऐकण्याचा हक्क रुग्णाचाच.

बीडमध्ये २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा झाला की दंड बसे. अशा वेळी घेतलेली संमती खरोखर संमती म्हणावी काय?

आपल्याकडे लाज आड येते. वस्तुतः हजरत हमना बिन्त जहश (रजि.) यांनी आपल्या अतिरक्तस्रावाची तक्रार थेट प्रेषितांपुढे (स.) मांडली होती, आणि त्यांना उत्तरही मिळाले. लाज धरणाऱ्या आपण कोण? गर्भाशय गेल्याने स्त्री उणी होते, हा समजही सोडावा. हजरत आयेशा (रजि.) यांना अपत्य नव्हते, त्यांच्या दर्जात काय उणे आले?

भगिनींनो, अंडाशये राखणार की तीही काढणार, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा. ती गेली तर पाळी थांबल्यानंतरचे त्रास एकदम सुरू होतात. पोटावर छेद घेतला असेल तर साधारण सहा आठवडे जड उचलू नये. उभे राहवत नसेल तर नमाज बसून पढा, तेही न झाल्यास पहुडून. आणि बंधूंनो, उन्हाळ्यात आपल्या डोंगरात पाण्याचा हंडा लांबून येतो. ते सहा आठवडे तो तुम्ही आणा.