न वापरलेली वस्तू आणि न सांगितलेला दोष



धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी खानदेशात सुपरिचित आहे. मिरचीची पारख असलेला व्यापारी ढिगाचा वरचा थर पाहून भाव ठरवीत नाही. तो आत हात घालतो, खालचा माल वर काढतो आणि ओल तपासतो. ओल्या मालाचे वजन वाढते आणि तो सुकल्यावर होणारी तूट घेणाऱ्याच्या पदरी पडते, हे त्याला ठाऊक असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला होता. बोटांना ओल लागली, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला कारण विचारले. पावसाने धान्य भिजले, असे त्याने सांगितले. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाऊस त्या विक्रेत्याने पाडला नव्हता. धान्य भिजणे हा त्याचा अपराध नव्हता. भिजलेले धान्य खाली दडवणे हा अपराध होता.

आता राशीच्या जागी एक खोके डोळ्यांसमोर आणा. एखाद्या तरुणाने हौसेने कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन घेतला. उडवण्याचा योग आला नाही आणि तो दोन वर्षे कपाटात पडून राहिला. आज घरात पैशाची निकड आहे, म्हणून तो विकायला काढला. तो म्हणतो, ‘एकदाही न वापरलेला, वजनाला हलका, शिकाऊ माणसासाठी उत्तम.’ यातील एकही शब्द खोटा नाही. तेवढ्याने हा व्यवहार निर्दोष ठरतो काय?

हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी कथन केलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसमध्ये सौद्यातील बरकतीसाठी दोन अटी सांगितल्या आहेत. विकणारा आणि घेणारा यांनी खरे बोलावे, आणि वस्तूचे स्वरूप स्पष्ट करून सांगावे. पहिली अट पाळून दुसरी सोडता येत नाही. खोटे बोलले की बरकत नाहीशी होते, तशीच ती लपवल्यानेही नाहीशी होते.

ड्रोनमध्ये लपण्यासारखे काय असते? पहिली गोष्ट बॅटरी. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी काळाबरोबर तिची शक्ती घटते. पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ ठेवली तर ती अधिक बिघडते, कधी फुगते. अशी बॅटरी उड्डाणाच्या मध्येच दगा देऊ शकते. दुसरी गोष्ट वॉरंटी. खोके न उघडल्याने तिची मुदत थांबून राहत नाही. तिसरी गोष्ट सुटे भाग आणि दुरुस्ती. तयार ड्रोनच्या आयातीवर भारत सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. ड्रोन परदेशी बनावटीचा असेल, तर त्याची दुरुस्ती कोठे होईल हे विक्रेत्याने आधीच सांगितले पाहिजे.

चौथी गोष्ट वजन. मापात कपट करणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनात ‘अल-मुतफ्फिफीन’ हा अध्यायच अवतरला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतो आणि तो उडवण्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मोठी बॅटरी किंवा इतर साधने जोडून वजन त्यापुढे गेले की तो ‘मायक्रो’ वर्गात जातो. मग लग्नसमारंभाचे चित्रण करून पैसे कमावणाऱ्यास ते प्रमाणपत्र आवश्यक ठरते. ‘हलका आहे’ हे सांगितले आणि सोबत दिलेल्या मोठ्या बॅटरीचे वजन सांगितले नाही, तर घेणारा नकळत नियमभंगात ओढला जाईल.

घेणाऱ्याचा हेतू जाणून घेणे का आवश्यक आहे, हे वासिला बिन अल-अस्का (रजि.) यांच्या प्रसंगातून समजते. एका माणसाने उंटीण विकत घेतली. ती दिसायला धष्टपुष्ट होती. ती मांसासाठी घेतली की प्रवासासाठी, असे त्यांनी घेणाऱ्याला विचारले. हजच्या प्रवासासाठी, असे उत्तर मिळताच तिच्या खुराला इजा असल्याचे त्यांनी सांगितले. आपला सौदा बिघडला म्हणून विकणारा नाराज झाला. तेव्हा वासिला (रजि.) यांनी प्रेषितांची शिकवण ऐकवली. दोष न सांगता विकणे वैध नाही, आणि ज्याला तो दोष माहीत आहे त्यानेही मौन राखणे वैध नाही. म्हणजे ही जबाबदारी विक्रेत्यापुरती नाही. सौदा जुळवणारा मित्र, मध्यस्थ आणि सारे ठाऊक असलेला थोरला भाऊही तिच्यात सामील आहेत.

घेणारा नवशिका असेल तर ही जबाबदारी अधिकच वाढते. काफिला बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून माल घेण्यास प्रेषितांनी मनाई केली, कारण बाहेरून येणाऱ्याला बाजारभाव ठाऊक नसतो. त्याच्या अज्ञानातून नफा काढणे इस्लामला मान्य नाही. फुगलेली बॅटरी कशी ओळखावी हे ज्याला कळत नाही, त्याला ‘नीट पाहून घ्या’ म्हटल्याने आपण मोकळे होत नाही.

असा प्रश्न मनात येईल की, सारे सांगितले तर दोन-तीन हजार रुपये कमी मिळतील. खरे आहे, मिळतील. निकडीच्या वेळी ती रक्कम लहान नसते. परंतु सौद्यानंतर पूर्वीचा दोष उघड झाल्यास वस्तू परत करण्याचा अधिकार इस्लामी धर्मशास्त्राने घेणाऱ्याला दिला आहे. तो परत आला नाही, तरी हिशेब संपत नाही. तो परलोकात अल्लाहपुढे उघडला जाईल. दडवलेल्या दोषाची किंमत म्हणून घरात आलेला पैसा मुलांच्या ताटात पडतो, हे आईवडिलांनी विसरू नये.

म्हणून विकण्यापूर्वी घेणाऱ्यासमोर खोके उघडा. बॅटरी भरून ड्रोन उडवून दाखवा. खरेदीची पावती द्या, तिच्यावरील तारीख दाखवा. नोंदणी झालेली असेल तर ती नियमानुसार त्याच्या नावावर करून द्या. आणि याच कॅमेऱ्याने शेजाऱ्यांच्या गच्चीवर व अंगणात डोकावणे कुरआनाने निषिद्ध केलेल्या टेहळणीत मोडते, हेही त्याला आपुलकीने सांगा.

अल्लाह आपल्या सर्वांना खरे बोलण्याचे आणि खरे उघड करण्याचे सामर्थ्य देवो, आणि आपल्या थोड्या कमाईतही बरकत देवो. आमीन.