खेळ आणि बुद्धी

परीक्षा जवळ आली की घरोघरी मुलांचा खेळ प्रथम बंद होतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांपैकी सुमारे निम्म्यांना नऊ महिने शाळा सुटल्यावर भरपूर खेळविले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उरलेल्यांच्या मानाने त्यांचे अवधान व मनोनिग्रह अधिक सुधारलेले दिसले. लाभ खरा, परंतु खेळाचे समर्थन एवढ्यावरच करावे काय? उद्या तो शून्य ठरला, तर मुलाचे अंगण हिरावण्याचा अधिकार वडीलमाणसांस मिळेल काय? मला तसे वाटत नाही. धावणे ही वाढत्या देहाची भूक आहे. शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद करणारे गुरुजी तर मुलाचा हक्कही घेतात आणि दुपारच्या गणितातले त्याचे लक्षही.