अक्षरे तीच, शब्द निराळा

वाचनपाठ : योहानकृत शुभवर्तमान ९ : १–७



काही दिवसांपूर्वी एका रविवारी आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत एक लहानशी गोष्ट घडली. वरवर पाहता ती मुलांच्या खेळातली होती. परंतु तिने आमच्या मनास असा चटका लावला की, ती आपणांस सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. शिवाय ह्या गोष्टीत आमचा स्वतःचाही एक दोष आहे, आणि आपला दोष झाकून दुसऱ्यांस उपदेश करणे हे मेंढपाळास शोभत नाही.

त्या दिवशीचा पाठ सूर्य व चंद्र यांच्या उत्पत्तीचा होता. पाठ संपल्यावर शिक्षिकाबाईंनी फळ्यावर सूर्यग्रहणाविषयीचे सात शब्द लिहिले. मात्र प्रत्येक शब्दाची अक्षरे विस्कटून लिहिली. वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी आपणही ते जुळवून पाहावे :

१. र्य – सू
२. द्र – चं
३. ण – ग्र – ह
४. या – छा
५. स्या – मा – अ – वा
६. स – ख – ग्रा
७. णा – ति – कं – कृ – क

खेळाचे नियम दोनच होते. दिलेले प्रत्येक अक्षर वापरले पाहिजे, एकही उरता कामा नये; आणि पदरचे एकही अक्षर घालता कामा नये. हे दोन नियम आपण ध्यानात ठेवावे, कारण आमचा सर्व उपदेश त्यांवरच उभा आहे.

मुलांनी मोठ्या आनंदाने पाट्या उचलल्या. एकेक शब्द जुळला की बाई त्याचा अर्थ सांगत. चंद्र फिरत फिरत सूर्य व पृथ्वी यांच्या मधे आला, म्हणजे त्याची छाया पृथ्वीवर पडते, हेच सूर्यग्रहण. सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारे ४०० पट आहे. पण सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट दूरही आहे. म्हणून आपल्या डोळ्यांस दोघांची बिंबे जवळजवळ सारखीच दिसतात, आणि एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्यास झाकू शकतो. पुरते झाकले तर खग्रास. चंद्र किंचित लांब असल्यामुळे कडेने तेजाचे कडे उरले तर कंकणाकृति.

पाचवा शब्द 'अमावास्या' हा जुळला, तेव्हा एका मुलाने हात वर करून विचारले, "बाई, प्रभु वधस्तंभावर असताना अंधार पडला, तेव्हाही ग्रहणच होते काय?" बाईंनी उत्तर न देता त्यालाच विचारले, "वल्हांडण सण कधी येत असे?" मुलगा थोडा थांबला व म्हणाला, "पौर्णिमेला." वर्गातील दहा मुलांस उत्तर आपोआप कळले. सूर्यग्रहण अमावास्येवाचून होत नाही. आणि खग्रास अवस्था कोणत्याही एका ठिकाणी फार तर साडेसात मिनिटे टिकते, तीन तास नव्हे. तो अंधार दुसऱ्याच जातीचा होता. मोठ्या माणसांसही कधी कधी न सुचणारा विचार एका जुळवलेल्या शब्दाने मुलांस सुचला, हे पाहून आम्हांस संतोष वाटला.

तो संतोष फार वेळ टिकला नाही. मागच्या ओळीत दहा-अकरा वर्षांची एक हुशार मुलगी बसली होती. तिने 'कंकणाकृति' हा सर्वांत अवघड शब्द सर्वांच्या आधी जुळवला होता. पण तिच्या पाटीवर तिसरी ओळ कोरी होती. सर्वांत सोपा शब्द तेवढा राहिला होता. आम्ही तिला कारण विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "मला येतो. पण तो शब्द आमच्या घरात उच्चारायचा नाही, असे आईने सांगितले आहे." इतके बोलून तिने शेजारी बसलेल्या आपल्या धाकट्या भावाकडे पाहिले. त्या बाळाच्या वरच्या ओठावर शस्त्रक्रियेची बारीक रेघ आहे.

प्रियजनहो, तेव्हा आम्हांस सारे आठवले. २६ डिसेंबर २०१९ ह्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण झाले. केरळ व तमिळनाडूच्या काही भागांत ते कंकणाकृति दिसले आणि आपल्या महाराष्ट्रात खंडग्रास. नाताळचा दुसरा दिवस होता. घरोघरी पाहुणे होते. ह्या मुलीची आई तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती आणि पाहुण्यांच्या जेवणासाठी विळीवर कांदे चिरत होती. पुढे टाळेबंदीच्या दिवसांत मुलगा जन्मला, तो दुभंगलेल्या ओठाचा. दवाखान्यांवरील ताणामुळे शस्त्रक्रिया वर्षभर लांबली. त्या वर्षभरात लेकरास दूध पाजताना आईने किती अश्रू गाळले, ते देवालाच ठाऊक.

आता आमचा दोष सांगतो. त्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी घरातील एक वडीलधारी बाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "ग्रहणात विळी धरली, त्याचे हे फळ." ते शब्द आमच्या कानी पडले. बाळाच्या आईच्याही कानी पडले. तिचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला. आणि आम्ही काय केले? आनंदाच्या दिवशी वाद कशाला, असे मनाशी म्हणून चहाचा पेला हाती घेतला. आमच्या त्या मौनास त्या भगिनीने संमती समजले. पाळकच काही बोलत नाहीत, तर ते खरेच असले पाहिजे, असे तीस वाटले. एका पेल्याच्या चहाइतक्या वेळात जे आम्ही बोललो नाही, ते तिने इतकी वर्षे उरावर वाहिले.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. ती भगिनी म्हणाली, "पाळकसाहेब, मी देवाजवळ रोज क्षमा मागते. पण त्याचा ओठ पाहिला की वाटते, क्षमा झालीच नाही." बंधूंनो, जो अपराध घडलाच नाही, त्याची क्षमा मिळाल्याची खात्री मनास कशी व्हावी?

तेव्हा आम्ही तीस मुलांच्या कोड्याची पाटी दाखवली व म्हटले, "बाई, तुमच्या जवळ चार अक्षरे आहेत आणि चारही खरी आहेत. तुम्ही गरोदर होता, हे खरे. ग्रहण झाले, हे खरे. तुम्ही कांदे चिरले, हे खरे. बाळाचा ओठ दुभंगलेला होता, हेही खरे. लोकांनी ही अक्षरे एका ओळीत लावून 'आईचा अपराध' असा शब्द केला. आता आपण खेळाचे दोन नियम लावून पाहू."

पहिला नियम : एकही अक्षर उरता कामा नये. येथे पुष्कळ उरतात. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान जुळून तयार होतो. टाळूही त्याच्या मागोमाग. ग्रहण झाले ते सहाव्या महिन्यात. म्हणजे आईने विळी हाती धरली, त्याच्या सुमारे चार महिने आधीच बाळाच्या ओठाची घडण ठरून गेली होती. जी गोष्ट नंतर आली, ती आधीच्या गोष्टीचे कारण कशी होईल? आणखी पाहा. त्या सकाळी आपल्या देशात किती गरोदर स्त्रियांनी भाजी चिरली असेल व त्यांची लेकरे धडधाकट जन्मली असतील! उलट, जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. ग्रहण असो वा नसो, विळी असो वा नसो. काही घराण्यांत तो विकार रक्ताने येतो, काही वेळा गरोदरपणाच्या आरंभीचे धूम्रपान, मधुमेह किंवा काही औषधे यांचा संबंध आढळतो, आणि पुष्कळदा कोणतेही एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

दुसरा नियम : पदरचे अक्षर घालता कामा नये. 'अपराध' हे अक्षर फळ्यावर कोठे होते? ते ग्रहणाने दिले नाही, विळीने दिले नाही, देवाने तर नाहीच. ते माणसांनी आपल्या पदरचे घातले. आणि आम्ही पाळक असून ते पुसले नाही.

आता आपला वाचनपाठ उघडा. जन्मापासून आंधळा असा एक मनुष्य वाटेत दिसतो, आणि शिष्य लगेच विचारतात की, पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? त्यांच्या पुढेही अक्षरे खरीच होती : मनुष्य खरा, आंधळेपण खरे, आईबाप खरे. पण 'पाप' हे त्यांनी पदरचे घातले. त्यांस शंका एवढीच होती की, ते कोणाच्या नावापुढे लिहावे. प्रभूने ते कोणाच्याच नावापुढे लिहू दिले नाही. त्याने दोघांसही त्या आरोपातून मोकळे केले आणि देवाचे कार्य ह्या मनुष्याच्या ठायी दिसावे, इकडे त्यांची दृष्टी वळवली. तेवढ्यावरच तो थांबला नाही. त्याने मातीचा लेप केला, डोळ्यांस लावला, शिलोह तळ्यावर धुण्यास पाठवले. दोष शोधण्यात शिष्यांचा वेळ जात होता. प्रभूचे हात कामाला लागले होते.

मंडळीचे कार्य हेच आहे. असे बाळ जन्मले, तर कोणी पंचांग पाहू नये. दवाखान्याची वाट धरावी. ओठाची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या काही महिन्यांत व टाळूची दीड वर्षाच्या आत करतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा विकार समाविष्ट आहे. आपल्या आशाताईस किंवा आरोग्यसेविकेस विचारल्यास पुढील वाट कळते. गरीब आईबापांबरोबर तालुक्यास जाण्यास एखाद्या वडिलाने आपला एक दिवस खर्चिला, तर तो शंभर उपदेशांहून मोठा उपदेश होय.

ही भीती केवळ शेजाऱ्यांची आहे, असे म्हणून कोणी त्यांस हसू नये. ग्रहण छायेमुळे होते, हे आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास आपल्याच देशात लिहून ठेवले. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण आपल्या मुलखावरून गेले, तेव्हा विजयदुर्गास लॉकियर हे इंग्रज ज्योतिर्विद आले होते आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे नायगमवाला व अमेरिकेचे कॅम्पबेल यांनी दुर्बिणी लावल्या होत्या. सत्य शब्द आपल्या दाराशी केव्हाच येऊन पोहोचला आहे. तरी तो घरात घेण्यास आपण, शुभवर्तमान हाती असलेले लोकही, किती मागे राहिलो! आमच्याच मंडळीत कित्येक घरांत ग्रहणाच्या वेळी गरोदर सुनेस अंधाऱ्या खोलीत बसवतात व घोटभर पाणीही देत नाहीत. उपाशी व तहानलेली राहिल्याने अपाय होतो तो मात्र खरा.

ज्याचे भय धरावे, ते एकच आहे; तेही सांगून ठेवतो. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, पाण्याची परात यांवर भरवसा ठेवू नये. त्यांनी दृष्टी कायमची अधू होऊ शकते. ग्रहणासाठीच प्रमाणित केलेला चष्मा वापरावा. तो नसेल तर पुठ्ठ्यास टाचणीने भोक पाडून, सूर्याकडे पाठ करून, कागदावर पडलेले बिंब पाहावे. दाट झाडाखाली पानांच्या फटींतूनही जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटतात. देवाच्या हातचे काम मान खाली घालूनही पाहता येते.

२ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून दुपार टळल्यावर खंडग्रास दिसणारे आहे. आषाढातील ढगांनी मुभा दिली, तर त्या दिवशी आपल्या मंडळीची मुले मंदिराच्या अंगणात पुठ्ठे घेऊन उभी राहावी, आणि त्यांच्या आया, गरोदर असोत वा नसोत, त्यांच्या बरोबर उभ्या राहाव्या, अशी आमची इच्छा आहे.

पुढच्या रविवारी आम्ही व्यासपीठावरून आपला दोष मंडळीपुढे कबूल केला. त्या वडीलधाऱ्या बाई मंदिरात होत्या. उपासना संपल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दारापाशी नातवाचा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. काही शब्द जुळण्यास वेळ लागतो. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करीत आहो. मुलीने मात्र शाळेत येताच पाटी मागितली, तिसऱ्या ओळीत 'ग्रहण' असे ठळक लिहिले, आणि भावाने विचारले तेव्हा त्यास मोठ्याने वाचून दाखवले.

प्रियजनहो, आपल्या घरात असा एखादा न उच्चारलेला शब्द आहे काय? कोणा सुनेच्या, कोणा विधवेच्या, कोणा निपुत्रिक भगिनीच्या नावापुढे आपण पदरचे एखादे अक्षर घातले आहे काय? आजच ते पुसून टाका. आणि ज्यांच्यावर ते घातले गेले, त्या भगिनींनो, तुमच्या कपाळी दोष लिहिणारा हात देवाचा नव्हता, हे निश्चित जाणा. जो प्रभु आंधळ्याच्या आईबापांची बाजू घेऊन उभा राहिला, तो तुमचीही बाजू घेऊन उभा आहे. त्याची शांती तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.